सतरा वर्षांच्या मुलाने एचआयव्हीची तपासणी कुठे करावी?

सोमवारी सकाळी साडेदहाला सतरा वर्षांचा मुलगा एकटाच सिव्हिल हॉस्पिटलात एचआयव्हीची तपासणी करायला गेला, तर काय होतं? आधी केसपेपरची खिडकी. मागे वीस माणसं उभी असताना आतून प्रश्न येतो: नाव, वय, गाव, काय होतंय? त्याला काहीच होत नसतं, म्हणून तो 'ताप' म्हणतो आणि भलत्याच ओपीडीच्या रांगेत जाऊन उभा राहतो. तिथून विचारत विचारत तो समुपदेशन आणि तपासणी केंद्राच्या, म्हणजे आयसीटीसीच्या दारापर्यंत पोचतो. बाकावर बहुतेक गरोदर बायका, कारण या केंद्रांच्या कामाचा मोठा भाग गरोदरपणातल्या तपासण्यांचा असतो. त्यांच्यात हा एकटा पोरगा. समुपदेशक त्याला आत घेतात, आपुलकीने बोलतात आणि वय विचारतात. सतरा. सोबत कोण आलंय? कोणी नाही. मग 'संमतीपत्रावर पालकांची सही लागते, आईला नाहीतर वडिलांना घेऊन ये', असं सांगून त्याला परत पाठवलं जातं. तो पुन्हा येत नाही.

या सगळ्यात कुणीही नियम मोडलेला नाही. खिडकीवरच्या माणसाने नोंद केली, समुपदेशकाने मार्गदर्शक सूचना पाळल्या. आणि तरीही ज्याला तपासणी हवी होती तो तपासणीविना गेला. तरुणांपर्यंत एचआयव्हीची सेवा पोचत नाही, याचं कारण शोधताना आपण बहुधा 'जागृतीचा अभाव' असं लिहून मोकळे होतो. पण या मुलाला जागृती होती, म्हणूनच तो आला. माझं म्हणणं एवढंच आहे की या बाबतीत आज औषध कमी पडत नाही, आपण बांधलेली वाट कमी पडते. ती वाट प्रौढ, दिवसा मोकळ्या आणि एकाच गावात राहणाऱ्या माणसासाठी आखलेली आहे. तरुण माणूस बहुधा यातला कुठलाच नसतो.

औषधाची बाजू आधी सांगतो, कारण तिथे खरोखर मोठं काम झालं आहे. १ एप्रिल २००४ ला देशात मोफत एआरटी (विषाणू दाबून ठेवणारे औषधोपचार) सुरू झाली, तेव्हा दिवसातून दोनदा गोळ्या होत्या आणि रोगप्रतिकारशक्तीच्या सीडी४ पेशी ठरावीक आकड्याखाली उतरेपर्यंत थांबावं लागत असे. २०१७ पासून तपासणीत एचआयव्ही आढळला की लगेच उपचार, असं धोरण झालं. आता बहुतेकांना टीएलडी नावाची एकच गोळी दिली जाते. तिच्यात टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम असतं. दिवसातून एकदा, जेवणाआधी किंवा नंतर, केव्हाही घ्यावी. गोळी नियमित घेतली आणि रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका खाली गेला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. तपासणीही सोपी झाली आहे. झटपट तपासणीचा पहिला संच निगेटिव्ह आला की काम संपतं. रिअॅक्टिव्ह आला, म्हणजे संसर्गाची शंका दिसली, तर वेगळ्या तत्त्वांवरचे आणखी दोन संच वापरून खात्री करतात. त्याच दिवशी उत्तर मिळतं. देशात २५ लाखांहून अधिक लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि त्यात सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा, सुमारे ४ लाखांचा आहे. तेव्हा वाट दुरुस्त करण्याची पहिली जबाबदारीही आपल्यावर येते.

आता त्या सहीकडे येऊ. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली मंजूर झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संमतीशिवाय तपासणी नाही, परवानगीशिवाय कुणाला निकाल सांगणं नाही, नोकरीत, शाळेत, दवाखान्यात भेदभाव नाही, या सगळ्या गोष्टी त्याने नीट बांधून दिल्या. संमती त्या व्यक्तीची किंवा तिच्या प्रतिनिधीची असावी, असं कायदा म्हणतो. राष्ट्रीय कार्यक्रमाने अठराखालच्यांसाठी त्याचा अर्थ पालकाची सही असा लावला. याच कायद्याचं कलम ३२ मात्र वेगळंच बोलतं. आईवडील एचआयव्हीमुळे कुटुंब सांभाळू शकत नसतील, आणि बारा ते अठरा वर्षांचं समजूतदार मूल घर चालवत असेल, तर ते आपल्या धाकट्या भावंडाचं कायदेशीर पालक होऊ शकतं. शाळेत नाव घालणं, बँकेचं खातं, मालमत्ता आणि उपचार, सगळ्यासाठी. म्हणजे चौदा वर्षांची मुलगी धाकट्या भावाच्या एआरटीचा निर्णय घेऊ शकते, पण स्वतःच्या बोटातून रक्ताचा थेंब द्यायचा तर तिला कुणा मोठ्या माणसाची सही लागते. कायदा करणाऱ्यांना पोरांच्या समजुतीवर इतका विश्वास टाकता आला, तो तपासणीच्या फॉर्मपर्यंतही आणता येईल. दक्षिण आफ्रिकेने बालकांविषयीच्या कायद्यात एचआयव्ही तपासणीच्या संमतीचं वय १२ ठेवलं आहे. आपण निदान १६ करावं, आणि त्याखालच्या मुलाला समज आहे की नाही ते प्रशिक्षित समुपदेशकाने ठरवून तसं लिहून ठेवावं.

यावर आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. मूल एकटंच तपासणीला येतं तेव्हा त्याच्यावर अत्याचार झालेला असू शकतो. पालकांना कळूच दिलं नाही तर त्याला वाचवणार कोण? हा प्रश्न टाळून चालणार नाही. मात्र पालकाच्या सहीची अट या मुलाला वाचवत नाही, ती त्याला दारातूनच परत पाठवते. अत्याचार करणारा घरातलाच असेल तर ती अट त्याच्याच हातात किल्ली देते. मुलाशी बोलायला अर्धा तास मिळाला, तर समुपदेशकाला काय घडलं ते कळण्याची शक्यता तरी राहते.

पण समुपदेशक त्या अर्ध्या तासालाच घाबरतात. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्यानुसार अठराखालच्या मुलामुलीचा कोणताही लैंगिक संबंध हा गुन्हा ठरतो, आणि कलम १९ प्रमाणे ज्याला तो कळला त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे सतरा वर्षांच्या मुलीने 'माझा मित्र आहे' एवढं म्हटलं की कंत्राटी नोकरीवरच्या समुपदेशकापुढे दोनच पर्याय उरतात: ऐकलं नाही असं दाखवणं, किंवा चौकीला फोन. बहुतेक जण पहिला निवडतात, म्हणजे वय समजताच प्रश्नच विचारत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात गर्भपाताच्या बाबतीत यातून वाट काढली: अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केली, तर डॉक्टरांनी पोलिसांना माहिती देताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. एचआयव्हीच्या आणि गुप्तरोगांच्या सेवेसाठी असंच स्पष्टीकरण हवं आहे. जबरदस्ती, वयातलं मोठं अंतर, नात्यातला किंवा अधिकारातला माणूस, पैशाचा व्यवहार, यांपैकी काही दिसलं तर नावासकट तक्रार झालीच पाहिजे, त्यात सवलत नको. जवळपास एकाच वयाच्या दोघांच्या मर्जीच्या बाबतीत ओळख न सांगता नोंद व्हावी.

कायदा बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. सही नसताना तपासणी करता येत नाही, पण बाकी पुष्कळ काही करता येतं, आणि आज ते होत नाही. मुलाला खुर्चीवर बसवून, नाव न लिहिता, धोका कधी झाला आणि कशातून झाला ते विचारता येतं. घटनेला ७२ तास उलटले नसतील तर तो तातडीचा रुग्ण आहे, हे सगळ्यांत आधी पाहायला हवं. लघवीला जळजळ, स्राव किंवा जखम असेल, तर त्याच इमारतीतल्या गुप्तरोगांच्या सुरक्षा क्लिनिकमध्ये हात धरून नेता येतं. पालकांशी बोलायची भीती असेल तर 'आपण दोघं मिळून आईशी बोलू, काय बोलायचं ते आधी ठरवू' असं म्हणता येतं. अनेकदा मुलाला सही मिळवून देणारी व्यक्ती आई नसून मावशी किंवा मोठी बहीण असते, आणि तीच आईला तयार करते. पालक नसलेल्या मुलासाठी बालकल्याण समितीचा रस्ता आहे, पण त्या समितीच्या कार्यालयाचा नंबर किती आयसीटीसींच्या भिंतीवर लिहिलेला असतो? किमान १०९७ हा मोफत हेल्पलाइन क्रमांक आणि समुपदेशकाचं नाव असलेली चिठ्ठी खिशात घालून मुलाने बाहेर पडावं. मोकळ्या हाताने परत पाठवायचं नाही, इतका एक लेखी नियम डापकूने, म्हणजे जिल्ह्याच्या एड्स नियंत्रण पथकाने, उद्या सकाळी लावला तरी फरक पडेल.

मुलींचं आणखी अवघड आहे. अविवाहित मुलगी आयसीटीसीच्या बाकावर बसलेली दिसली, तर गावात त्याचा अर्थ एकच काढला जातो. परिणामी कितीतरी मुलींची पहिली तपासणी थेट लग्नानंतर, गरोदरपणात होते. त्या वेळी आढळलेला एचआयव्ही बहुधा नवऱ्याकडून आलेला असतो, आणि तरीही घरात आधी तिलाच कळल्यामुळे दोष तिच्या माथी लागतो. यावर उपाय जुनाच आहे, फक्त नीट वापरलेला नाही. किशोरवयीनांच्या आरोग्यासाठी आपल्याकडे मैत्री क्लिनिक आहेत. पाळीच्या तक्रारी, पंडुरोग, मुरूम, वजन, अभ्यासाचा ताण, अशा कशासाठीही तिथे जाता येतं, त्यामुळे तिथे गेलेल्या मुलीकडे कुणी वळून पाहत नाही. बोटातून थेंब घेऊन करायची पहिली तपासणी आणि सिफिलिसची तपासणी या क्लिनिकमध्ये हलवावी, खात्रीच्या तपासण्या आयसीटीसीकडे राहू द्याव्यात. आज ही दोन दालनं एकाच रुग्णालयात असूनही वेगवेगळ्या विभागांची आहेत. एकाच्या नोंदवहीचा दुसऱ्याशी संबंध नाही, आणि मैत्री क्लिनिकचे समुपदेशक अर्धा वेळ शाळांच्या दौऱ्यावर असतात म्हणून दार बंद दिसतं. ज्या दिवशी समुपदेशक हमखास जागेवर असतील असे आठवड्याचे दोन दिवस ठरवून पाटी लावणं, ही सुरुवात आहे.

कॉलेजातली तपासणी शिबिरं मात्र मला धोक्याची वाटतात. हेतू चांगला असतो, एड्सविषयी काम करणाऱ्या कॉलेजातल्या रेड रिबन क्लबची मुलं मनापासून राबतात. पण रांगेत कोण उभं राहिलं आणि कोण राहिलं नाही, दोन्ही सगळ्या वर्गाला दिसतं. शंभरातल्या एकाचा पहिला संच रिअॅक्टिव्ह आला आणि त्याला 'जरा थांब' म्हणून बाजूला बसवलं, की गुप्तता तिथेच संपली. पुढच्या दोन संचांचा निकाल यायच्या आत. त्यापेक्षा क्लबने १ डिसेंबरच्या, जागतिक एड्स दिनाच्या, पोस्टर स्पर्धेवरचा अर्धा वेळ कमी करून एक साधं काम करावं: जवळच्या आयसीटीसीत स्वतः जाऊन यावं आणि कुठल्या गेटने आत जायचं, खोली क्रमांक काय, केसपेपरवर काय सांगायचं, समुपदेशक कोणत्या वेळेला मोकळे असतात, याची पत्त्याच्या पानाएवढी चिठ्ठी छापावी. 'एड्सशी लढा' या घोषणेपेक्षा 'खिडकीवर फक्त आयसीटीसी म्हणा, कारण सांगावं लागत नाही' हे वाक्य तरुणाच्या जास्त कामाचं आहे.

प्रतिबंधाबाबत आपण इतके संकोचतो की साधी तांत्रिक माहितीही पोचत नाही. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, त्याला शंभर वर्षं उलटून गेली. आणि २००७ साली याच महाराष्ट्राने इतर काही राज्यांबरोबर शाळांमधला पौगंडावस्था शिक्षण कार्यक्रम थांबवला. त्या वर्षी आठवीत असलेली मुलं आज तिशी ओलांडून आईबाप झाली आहेत. त्यांना कुणी सांगितलं नाही, ते त्यांच्या मुलांना कुठून सांगणार? निरोध पाकिटात महिनोन् महिने ठेवला तर उष्णतेने आणि घर्षणाने रबर कमकुवत होतं. खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावलं तर लॅटेक्स काही मिनिटांत फाटण्याजोगं होतं. पाण्यावर आधारित वंगणच वापरायचं. एकावर एक दोन चढवल्याने सुरक्षितता वाढत नाही, घर्षणाने दोन्ही फाटू शकतात. निरोध मोफत मिळतो, पण आरोग्य केंद्रातल्या ओळखीच्या ताईंकडून मागून घ्यावा लागतो. गावातला एकोणीस वर्षांचा मुलगा आशाताईंकडे तो मागेल, असं धरून चालणं भाबडेपणाचं आहे. वसतिगृहाचं स्वच्छतागृह, एमआयडीसीतल्या कंपनीच्या गेटजवळची टपरी, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेचा जिना, इथे न विचारता उचलता येईल अशी पेटी हवी, आणि ती दर आठवड्याला भरणारा माणूस नेमलेला हवा. पेट्या याआधीही लागल्या होत्या. त्या रिकाम्या राहिल्या, कारण भरणं कुणाच्याच कामात लिहिलेलं नव्हतं.

संबंधानंतरच्या गोळ्यांचं, म्हणजे पेपचं, तर दुर्लक्षच आहे. संसर्गाचा धोका झाल्यापासून लवकरात लवकर, आणि फार तर ७२ तासांत, टीएलडीची पहिली गोळी पोटात गेली आणि पुढे २८ दिवस रोज एक घेतली, तर संसर्ग बहुधा टळतो. गोळी तीच आहे, जी प्रत्येक एआरटी केंद्राच्या कपाटात असते. अडचण वेळेची आहे. धोका शनिवारी रात्री होतो, एआरटी केंद्र सोमवारी उघडतं, रविवारी कॅज्युअल्टीत बसलेल्या शिकाऊ डॉक्टरांना पेप माहीत असतं ते सुई टोचलेल्या नर्ससाठी, किंवा फार तर अत्याचार झालेल्या महिलेसाठी. निरोध फाटल्याचं सांगणाऱ्या मुलाला 'सोमवारी या' असं उत्तर मिळतं. सोमवारी केसपेपर निघून तो आत पोचेपर्यंत सुमारे छत्तीस तास गेलेले असतात. म्हणून प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत तीन दिवसांच्या गोळ्यांचं पाकीट आणि एक पानी सूचना ठेवावी: आधी गोळी, मग तपासणी, मग हेपॅटायटिस बी, मुलगी असेल तर गर्भतपासणी, तीन महिन्यांनी पुन्हा एचआयव्ही तपासणी. उरलेले पंचवीस दिवस एआरटी केंद्राने सांभाळावेत. तीन गोळ्यांची किंमत इतकी कमी आहे की खर्चाचा मुद्दा इथे काढूच नये.

धोका वारंवार असेल त्यांच्यासाठी आधीच घ्यायची गोळी, म्हणजे प्रेप, आहे. नॅकोने, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, २०२२ साली त्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, पण आजही ती मुख्यतः खिशातून पैसे देऊ शकणाऱ्या शहरी तरुणालाच मिळते. सुरुवातीला एचआयव्ही निगेटिव्ह असल्याची खात्री, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, हेपॅटायटिस बी आणि नंतर दर तीन महिन्यांनी एचआयव्हीची तपासणी, एवढं त्याला लागतं. ही खात्री न करता मेडिकलमधून गोळ्या घेतल्या आणि संसर्ग आधीच झालेला असला, तर प्रेपमधल्या दोनच औषधांशी लढून विषाणू त्यांना दाद देईनासा होतो. उपचारातली औषधं वाया जातात. आता सहा महिन्यांनी एकदा टोचायचं लेनाकापाविर आलं आहे. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या १६ ते २५ वयाच्या मुलींच्या चाचणीत ते घेतलेल्या २,१३४ जणींपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२५ मध्ये त्याची शिफारस केली, आणि २०२७ पासून वर्षाला ४० डॉलर दराने ते पुरवण्याची तयारी ज्या दोन कंपन्यांनी दाखवली आहे त्या आपल्याच हैदराबादच्या आहेत. रोजची गोळी लपवायला जागा नसलेल्या मुलीसाठी हे इंजेक्शन म्हणजे मोठी सुटका आहे. मुंबई, ठाणे आणि पुण्यात त्याची तयारी आत्ता सुरू व्हायला हवी, कारण दर सहा महिन्यांनी तरुणाला परत बोलावणारी यंत्रणा इंजेक्शनच्या खोक्यातून येत नाही.

एक गट मात्र या सगळ्या चर्चेत राहून जातो, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. जन्मतःच एचआयव्ही घेऊन आलेली मुलं. आज जे अठरा ते पंचवीस वर्षांचे आहेत ते जन्मले तेव्हा बाळाला संसर्ग होऊ नये म्हणून गरोदर आईला नेविरापिन या औषधाच्या एका डोसपलीकडे फारसं काही मिळत नव्हतं, आणि अनेकींना तेही नाही. कित्येकांचे आईवडील गेले. आजीने, मामाने, किंवा पंढरपूरच्या पालवी, लातूरजवळच्या सेवालय, बीडच्या इन्फंट इंडिया अशा संस्थांनी त्यांना वाढवलं. ही मुलं जगली, हे या राज्याचं मोठं यश आहे. आता ती अशा वयात आली आहेत, जिथे गोळ्या सुटतात.

का सुटतात, हे बारकाईने पाहायला हवं. लहानपणी आजी सांगते की ही 'रक्त वाढायची' गोळी आहे. तेराव्या-चौदाव्या वर्षी मूल डबीवरचं नाव मोबाइलवर शोधतं आणि एकट्यानेच वाचतं. खरं तर सहा-सात वर्षांपासून सांगायला सुरुवात करायची असते: तुझ्या अंगात एक जंतू आहे, गोळी त्याला झोपवून ठेवते. नऊ-दहाव्या वर्षी पांढऱ्या पेशी, संसर्ग, गोळी चुकली तर काय होतं. बाराच्या आसपास नाव, आणि ते कुणाला सांगायचं, कुणाला नाही. आजी थांबवते, कारण पोर गल्लीत बोलून बसेल ही तिची भीती रास्त असते. मग हे सांगणं पुढे पुढे ढकललं जातं आणि अखेर व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, वाढलेला सापडतो, त्या दिवशी घाईघाईने उरकलं जातं. मुलाच्या आठवणीत आजाराचं नाव आणि रागावणं एकत्र चिकटतं. त्यानंतर ते केंद्रात खोटं बोलायला शिकतं.

खोटं बोलणं सोपंही आहे, कारण आपण गोळ्या मोजतो. तीस गोळ्यांतल्या दोन चुकल्या तरी नियमितपणा ९५ टक्क्यांखाली जातो आणि बोलणी बसतात. म्हणून मुलं केंद्रात यायच्या आदल्या रात्री उरलेल्या गोळ्या फेकून देतात. कागदावर शंभर टक्के, रक्तात हजारांच्या वर विषाणू. मग 'औषध लागू पडत नाही' असा निष्कर्ष निघून दुसऱ्या टप्प्याची औषधं सुरू होण्याची वेळ येते, जेव्हा पहिलीच नीट घेतली तर पुरली असती. 'गेल्या आठवड्यात कोणत्या दिवशी घेणं सगळ्यांत अवघड गेलं?' या प्रश्नाला खरं उत्तर मिळतं. ते बहुधा साधं असतं. वसतिगृहात डबी खुळखुळते. केंद्राने सांगितलं होतं रात्री झोपताना घे, आणि झोपताना खोलीत सहा जण असतात. रात्रीची ती सक्ती एफाविरेन्झ या जुन्या औषधाची होती, त्याने गरगरायचं. टीएलडी सकाळी दात घासल्यावर घेतली तरी चालते, हे कुणी सांगितलेलंच नसतं. डबीत कापूस घातला की आवाज बंद होतो. आठवड्याच्या सात गोळ्या लहान, घट्ट झाकणाच्या साध्या डबीत ठेवल्या तर लेबल कुणाला दिसत नाही. शाळा-कॉलेजातल्या मुलींसाठी आणखी एक: आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी रिकाम्या पोटी टीएलडीसोबत घेतली, तर डोल्युटेग्राविर नीट शोषलं जात नाही. दोन्ही जेवणाबरोबर घ्याव्यात, किंवा टीएलडी लोहाच्या दोन तास आधी. पित्तासाठी घेतलेल्या अँटासिडला जेवणाची सवलतही नाही, तिथे दोन तास आधी किंवा सहा तास नंतर हाच नियम. शाळेत निळी गोळी वाटणाऱ्या बाईंना हे माहीत असण्याची गरज नाही; मुलीला माहीत असलं पाहिजे.

अठरा वर्षं पूर्ण झाली की एकदम चार गोष्टी हातातून जातात. बालसंगोपन योजनेचे महिन्याचे २,२५० रुपये थांबतात. संस्थेतून बाहेर पडावं लागतं. एकवीसपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेनंतरच्या आधाराची, सोय बाल न्याय कायद्यात आहे, पण अशा जागा मोजक्या आहेत. लहान मुलांचे ओळखीचे डॉक्टर सुटून मोठ्यांच्या ओपीडीची रांग येते. आणि शिक्षणासाठी किंवा कामासाठी गाव बदलतं. एसटीच्या सवलतींच्या यादीत एचआयव्हीबाधितांचा समावेश आहे, पण ती घ्यायची तर भरल्या गाडीत कंडक्टरला कागद दाखवावा लागतो. कुठला तरुण तो दाखवेल? त्यापेक्षा प्रवासाचे पैसे केंद्राने खात्यावर जमा करावेत. बदलीसाठी माझी सूचना अशी: सतराव्या वर्षापासून वर्षभर मुलाने मोठ्यांच्या केंद्राला निदान दोनदा जुन्या समुपदेशकासोबत भेट द्यावी, तिथल्या एका माणसाचं नाव आणि नंबर त्याच्या उपचाराच्या हिरव्या पुस्तिकेत लिहिलेला असावा, आणि नव्या केंद्रात तो पोचल्याचं कळेपर्यंत जुन्याने त्याचं नाव आपल्या यादीतून काढू नये. आज 'ट्रान्सफर-आऊट' असा शेरा मारला की जुन्या केंद्राची जबाबदारी संपते, आणि नव्या केंद्राला तो येणार हेच माहीत नसतं. दोन्हींच्या मधल्या फटीत पडलेला मुलगा कुणाच्याच 'सुटलेल्या रुग्णां'च्या यादीत दिसत नाही.

त्याला शोधायला त्याच्याच वयाचा माणूस लागतो. झिंबाब्वेमध्ये हरारे इथे २००४ पासून चाललेल्या झ्वांदिरी या कार्यक्रमात एचआयव्हीसह जगणारे १८ ते २४ वयाचे तरुण प्रशिक्षण घेऊन आपल्याहून लहानांच्या घरी जातात, फोन करतात, दवाखान्यात सोबत येतात. तुलनात्मक चाचणीत या मुलांमध्ये विषाणू दाबून ठेवण्याचं प्रमाण नेहमीच्या सेवेपेक्षा चांगलं आढळलं. आपल्याकडे असे तरुण आहेत, पण त्यांना 'स्वयंसेवक' म्हणून चहा आणि प्रमाणपत्रावर राबवलं जातं. सहा महिन्यांत नोकरी लागली की ते जातात, आणि लागू नये अशी इच्छा कुणी का करावी? त्यांना पगार हवा. एकाकडे पंचवीसहून जास्त मुलं नकोत. स्वतःच्या तालुक्यात त्यांना काम देऊ नये, नाहीतर त्यांच्या मोटारसायकलीमागे त्यांची स्वतःची ओळखही गावभर फिरते. आणि एखादं मूल दगावलं, तर त्या तरुणाशी बोलायला कुणीतरी असलं पाहिजे.

हे सगळं मोजायचं कसं, हाही प्रश्न आहे. आकडेवारीत पंधराखालची मुलं एकीकडे आणि पंधरावरचे सगळे 'प्रौढ' दुसरीकडे. सतरा वर्षांचा मुलगा तपासणीच्या संमतीसाठी लहान असतो आणि अहवालात मोठा. जन्मतारीख प्रत्येकाची नोंदलेली असते. जिल्ह्याच्या मासिक अहवालात १५ ते १९ आणि २० ते २४ अशा दोन ओळी वेगळ्या काढायला कुणाची परवानगी लागू नये. किती तपासले, किती आढळले, किती उपचारावर, कितींचा व्हायरल लोड झाला, कितींचा दबला आणि किती सुटले, एवढे सहा रकाने पुरेत.

वेळेचा मुद्दा शेवटी घेतो, कारण तो सर्वांत लवकर सुटू शकतो. केंद्रं सकाळी उघडतात आणि दुपारनंतर मावळतात. चाकणच्या पहिल्या पाळीतला मुलगा तेव्हा मशीनवर असतो. आठवड्यातून एक संध्याकाळ, सहा ते आठ, एक समुपदेशक आणि एक औषधनिर्माता, एवढ्याने शहरातलं केंद्र तरुणांसाठी उघडं होतं. त्या बदल्यात त्यांना दुसऱ्या दिवशी अर्धी रजा द्यावी. विषाणू दाबलेला आहे अशांना तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देता येतात, ते सगळीकडे खरोखर द्यावं. २०२० च्या टाळेबंदीत अनेक महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या गेल्या, घरपोचही झाल्या. तेव्हा जमलं होतं.

ऊसतोडीला जाणाऱ्यांना मात्र तीन महिनेही पुरत नाहीत. बीडमधून कोयता घेऊन निघालेली वीस-बावीस वर्षांची जोडपी ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत कोल्हापूर, सांगली, कर्नाटकाच्या फडात असतात. एक दिवसाचा खाडा झाला तर मुकादमाकडचा दंड भरावा लागतो, आणि अनोळखी गावातलं एआरटी केंद्र शोधण्यात तोच दिवस जातो. त्यांना सहा महिन्यांच्या गोळ्या आणि निघायच्या आधी व्हायरल लोड हवा. टोळ्या दसऱ्यानंतर हलतात. त्याआधी गावागावातली यादी, त्याआधी वाढीव साठ्याची मागणी, त्याआधी आदेश. म्हणजे आदेश गणपतीच्या आत निघायला हवा.